हॉलमधली घरं

तुळशी भोईर ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा तिच्या नवऱ्याचा फोन आला. हरिचंद्र टेम्पो चालवायचा. दुपारी त्याचा फोन आला की समजायचं, जेवायला वाट बघू नको म्हणून सांगतोय. म्हणून तुळशीने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि हात चालूच ठेवले.

"ऐकतेस का गो? टेम्पोत सामान भरला हाय, पन उतरवायचा कुठं ते कोनालाच म्हाईत नाय."

"म्हंजे?"

मग त्याने सांगितलं. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका जुन्या इमारतीचा स्लॅब मध्यंतरी खाली आला होता. माणसं कामाला गेलेली, पोरं शाळेत, म्हणून जीव वाचले. पण इमारत रिकामी करावी लागली. ज्यांचे नातेवाईक होते ते नातेवाइकांकडे गेले. ज्यांना कोणी नव्हतं अशी आठ-दहा घरं एका शाळेच्या वर्गांत राहिली. आता परीक्षा तोंडावर आल्या आणि वर्ग मोकळे करून द्यायची वेळ आली. अंबरनाथच्या बाजूला एका रिकाम्या गोडाऊनचं बोलणं झालं होतं. त्या भरवशावर त्यांनी हरिचंद्राचा टेम्पो बोलावला, आणि टेम्पो गोडाऊनच्या दारात उभा राहिल्यावर मालक कुलूप उघडायलाच तयार होईना.

"पोरां हायत, म्हातारी मानसा हायत, सगली उन्हात उभी हायत," हरिचंद्र म्हणाला. "एक बाई मना बोलते, दादा, तुमचा खोळंबा नको. सामान इथं रस्त्याच्या कडेला ठेवा आणि तुम्ही जा. आता मी काय करू सांग."

तुळशीचे हात थांबले. जिच्या डोक्यावर छप्पर नाही तिला टेम्पोवाल्याच्या खोळंब्याची काळजी पडली होती. ही बाई कोण, कशी, काही माहीत नव्हतं. पण तिला बघावंसं वाटलं.

"आपल्या हॉलवर आना त्यांना," ती म्हणाली.

"गावकीला विचारल्याबिगर?"

"विचारते मी. तुमी टेम्पो वलवा."

बोलून गेली खरी, पण आपण काय बोलून बसलो ते तिला फोन ठेवल्यावर कळलं. जांभूळमध्ये सून म्हणून आल्यापासून ती गावकीच्या बैठकीत कधी तोंड उघडून बोलली नव्हती. गावकीचा हॉल म्हणजे गावाचा जीव. घराघरांतून माणसं राबली होती तेव्हा तो उभा राहिला. तुळशीच्या सासूने स्वतः डोक्यावरून वाळूची घमेली वाहिली होती. गावातली लग्नं तिथे व्हायची, साखरपुडे व्हायचे, आणि एरवी त्याला कुलूप असायचं. किल्ली असायची चिंतामणी म्हात्र्यांकडे. ते गावकीचे पुढारी, नात्याने हरिचंद्राचे मोठे आतेभाऊ, आणि सगळा गाव त्यांना दादा म्हणायचा.

तुळशीने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दादा जेवून आडवे झाले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते उठून बसले.

"कोनती मानसा?"

"मानसा हायत, दादा. टेम्पोत त्यांची भांडी हायत, गाद्या हायत. उन्हात उभी हायत."

दादांनी तिच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि ते काय असणार हे तुळशीलाही कळत होतं. पण समोरची बाई मान खाली घालत नव्हती, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"किती दिस?"

"दोन दिस," तुळशीने ठोकून दिलं. तिला स्वतःलाही काही माहीत नव्हतं.

टेम्पो आला तेव्हा बायका आपापल्या उंबऱ्यांत उभ्या होत्या. आधी पोरं उतरली, मग म्हातारे, मग गाद्या, कपाटं, डबे, एक पिंजरा, बाबासाहेबांची काचेतली तसबीर, एक जाडजूड शिलाई मशीन. हात कमी पडत होते. तुळशीने पदर खोचला आणि एका टोकाने पलंग धरला. ते बघून आणखी दोघी पुढे आल्या. सगळं उतरल्यावर एक शिडशिडीत बाई परत टेम्पोत चढली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि टेम्पो झाडून काढला. हरिचंद्र नको नको म्हणत राहिला. ती गंगू. रस्त्याकडेला सामान ठेवा म्हणणारी हीच, हे तुळशीला कोणी सांगावं लागलं नाही.

"चपला कुठं काढू, ताई?" गंगूने पहिला प्रश्न हा विचारला.

तिच्यासोबत तिचे सासरे होते, किसन सोनवणे; घरात ही दोघंच. पंचाहत्तरीचे, ताठ. इस्त्री मोडलेला का होईना, पण पांढरा शर्ट. त्यांनी हात जोडले. "जयभीम, ताई. तुमचे उपकार झाले."

"बसा, बसा," तुळशी गडबडून म्हणाली. अशा नमस्काराला काय उत्तर द्यायचं असतं ते तिने कधी म्हणून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. एकटीने एवढ्या भाकऱ्या होणार नव्हत्या, म्हणून शेजारच्या कुंदाला पिठाची परात दिली, कुंदाने तिच्या जावेला हाक मारली. टोपली घेऊन तुळशी हॉलवर गेली तर पोरं रांगेने बसली होती, हात धुऊन. कोणी हावरटासारखं तुटून पडलं नाही. गंगूने आधी म्हाताऱ्यांना वाढलं, मग पोरांना, मग बायकांना, आणि टोपलीत शेवटची भाकरी उरली ती तुळशीपुढे धरली. "ताई, तुम्ही केव्हा जेवणार? थापून थापून दमला असाल."

तुळशी घरी परतली आणि टोपली मांडीवर घेऊन ओटीवर बसली. हरिचंद्राने विचारलं, काय झाला? ती म्हणाली, "मी त्यांना खायला घालायला गेली होती. ती मनाच वाढत होती."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. कोणीतरी पालिकेत खेटे घालत होतं, कोणीतरी भाड्याच्या खोल्या बघत होतं, पण एवढ्या घरांना पुरतील अशा खोल्या कुठे मिळत नव्हत्या. तुळशी रोज जायची. तिच्यामुळे कुंदा जायची, कुंदामुळे तिची जाऊ. एका घरातून दूध यायला लागलं, दुसऱ्या घरातून वालाच्या शेंगा. बदलापूरच्या एका मंडळाने चटया आणि पांघरुणं पाठवली. अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाई रविवारी येऊन म्हाताऱ्यांना तपासून जायच्या. हे सगळं कोणी ठरवून केलं नव्हतं. पण तुळशीचा पाय त्या हॉलच्या पायरीवर रोज पडत होता आणि लोक ते बघत होते.

मोठी अडचण वेगळीच होती. हॉल म्हणजे एकच एक मोकळी जागा. आठ-दहा घरांचे पुरुष, बायका, वयात आलेल्या पोरी, सगळी एका छताखाली, मधे काही नाही. बायका कपडे बदलायला एकुलत्या एका बाथरूमपुढे रांग लावायच्या. नवरा-बायको दोन शब्द बोलायचे तर बाहेर चाफ्याखाली जाऊन बोलायचे. भांडायचं तर तेही तिथेच. तान्ह्या पोराची आई भिंतीकडे तोंड करून त्याला पाजायची, आणि पोरगं रडलं की सगळा हॉल जागा.

गंगू कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला होती. जाडजूड मशीन तिची स्वतःची, घरी जादा काम आणायची त्यासाठीची. एके दिवशी कामावरून येताना ती रिक्षातून गठ्ठे घेऊन आली. डेनिमच्या कतरणी, कापून उरलेले तुकडे, कुठे निळे, कुठे काळे, कुठे फिक्कट.

"आमच्या सिंधी शेठला बोलली, साईं, हे फेकणारच ना? तो बोलला, ले जा बहन, गोदाम खाली होईल," तिने तुळशीला सांगितलं. "पडदे शिवते, ताई. भिंती काय आपल्याला बांधता येणार नाहीत. पण पडदा टाकला तर बाई बाईसारखी बसेल तरी."

मशीन सुरू झाली. गंगू कामावरून यायची, हातपाय धुवायची आणि बसायची. बाकीच्या बायका तुकडे जुळवायच्या. तुळशीला शिवण येत नव्हतं, ती सुयादोरे ओवून द्यायची, गाठी मारायची. हरिचंद्राने भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तार ताणून दिली. आणि बघता बघता त्या एका हॉलची घरं झाली. प्रत्येक घराला निळ्या-काळ्या तुकड्यांच्या भिंती. कोणी आपल्या पडद्यावर कॅलेंडर टाचलं, कोणी पोराचं बक्षिसाचं पदक लावलं. किसनबाबांनी तसबीर अशी टांगली की आत येणाऱ्याला आधी ती दिसावी.

पडद्याला कडी नसते, टकटक करता येत नाही. म्हणून त्या घरांत एक रीत पडली: बाहेर उभं राहून तोंडाने म्हणायचं, "टकटक." आतून "या" आलं तरच पडदा सारायचा. लहान पोरंसुद्धा पाळायची. पहिल्यांदा तुळशीने ते ऐकलं तेव्हा तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गंगूच्या पडद्याबाहेर भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टकटक." तिच्या स्वतःच्या घरात, भिंती पक्क्या असूनही, कोणी कधी असं विचारून आत आलं नव्हतं.

"या ना, ताई."

"जयभीम, बाबा," तुळशी आत जाता जाता म्हणाली. किसनबाबा उभे राहिले आणि त्यांनी तिच्यासाठी स्वतःची सतरंजी झटकून घातली.

अडचण आली ती तुळशीच्याच घरातून. तिचा मुलगा अल्पेश, बदलापूरच्या एका कंपनीत कामाला. त्याचं लग्न आदल्या वर्षीच ठरलं होतं, शहाडच्या बाजूच्या एका गावातल्या तेजस्वीशी. मेमधला मुहूर्त. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की हळद आणि लग्न दोन्ही गावकीच्या हॉलमध्ये. तेव्हा मे लांब होता. आता तो उंबऱ्याशी आला.

चिंतामणीदादांनी तिला देवळापाशी गाठलं. "तुलशे, आता तुझ्याच पोराचा लगीन हाय. आता तरी हॉल खाली कर. गावातली मानसा मना विचारतात. मी आजवर गप बसलो ते तुझ्या तोंडाकडं बघून."

दादा वाकडं बोलले नव्हते. आणि खरं सांगायचं तर तुळशीलाही हॉल हवा होता. तिचं लग्न झालं तेव्हा हॉल नव्हता. फाटक्या ताडपत्रीखाली, शेणाच्या अंगणात झालं होतं. अल्पेश लहान असल्यापासून तिने मनात चित्र काढून ठेवलं होतं: हॉलला रोषणाई, दारात रांगोळी, पंख्याखाली पाहुणे, आणि काठापदराच्या साडीत ती स्वतः. ते चित्र सोडवेना. आणि गंगूला सांगवेना. म्हणून तिने भित्रं माणूस करतं तेच केलं. हॉलवर जायचंच बंद केलं. कुंदाच्या हाती टोपली पाठवायची आणि स्वतः लग्नाची कामं आहेत म्हणायची.

पण जांभूळमध्ये अशी बातमी लपून राहते थोडीच! एका सकाळी कुंदा धापा टाकत आली. "तुलशीबाय, तिथं जा आधी. ती मानसा सामान बांधतात."

तुळशी तशीच निघाली, पायात चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. हॉलच्या पायऱ्यांवर गाठोडी मांडून ठेवली होती. आत सगळे पडदे उतरवलेले, घड्या घालून एका कोपऱ्यात रचलेले. फरशी धुऊन पुसून लख्ख. किसनबाबा ट्रंकेवर बसले होते, पांढऱ्या शर्टात, तसबीर मांडीवर धरून. गंगू शेवटचा कोपरा पुसत होती.

"काय चाललाय हा?" तुळशीचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

गंगू उठली. "ताई, तुम्ही आल्या! बरं झालं. तुम्हाला न भेटता जाणं जिवावर आलं होतं." तिने हात पदराला पुसले. "तुमच्या घरात कार्य आहे. तुम्हाला आम्हाला जा म्हणून सांगावं लागलं असतं, आणि तुम्हाला ते जड गेलं असतं. म्हणून आम्हीच ठरवलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिस कुठं जानार?"

"शहाडला पुलाखाली मोकळी जागा आहे. तिथं राहतात लोक. टेन्शन नका घेऊ, आपण करू ॲडजस्ट." मग ती जराशी थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लग्न झाल्यावर परत आलो तर चालेल ना, ताई?"

तुळशी पायरीवर बसली. पोरांनी दप्तरं पाठीला लावली होती, जणू शाळेलाच निघालीत. तान्ह्या पोराची आई त्याला उन्हाची टोपी घालत होती. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. तुळशीच्या घरचं लग्न नीट व्हावं म्हणून ही माणसं पोराबाळांसकट पुलाखाली झोपायला निघाली होती, आणि जाताना फरशी पुसत होती. तुळशीने आजवर देवळात पुष्कळदा डोकं टेकवलं होतं. त्या सकाळी पायरीवर बसल्या बसल्या तिला तसंच काहीसं वाटलं.

ती उठली, कोपऱ्यातला वरचा पडदा उचलला आणि गंगूच्या हातात दिला.

"लाव परत."

"ताई, पण लग्न..."

"लगीन माझ्या घरचा हाय ना? कुठं करायचा ते मी बघीन. लाव तू."

घरी मात्र सोपं गेलं नाही. अल्पेश कामावरून आला आणि ऐकून उसळला. "सगल्यांची लग्ना हॉलमदे झाली, आन माझाच उघड्यावर? कंपनीतली मानसा येतील. तेजूच्या घरची काय बोलतील? तुना त्यांची पडलीय, माझी नाय!"

तुळशी शांतपणे म्हणाली, "तुझी पन पडलीय. म्हनूनच सांगतंय. ती मानसा शहाडला पुलाखाली झोपली असती, आन तू हितं डीजेवर नाचला असतास. तुना मागाहून कलला असता, तर गोड लागला असता का?"

अल्पेश बाईक काढून गेला. हरिचंद्र जेवत होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि एवढंच म्हणाला, "त्या बाईनं माझा टेम्पो झाडला होता. मी बोलतो दादांशी."

रविवारी तेजस्वी आली, आपल्या आईला घेऊन. अल्पेशने तिला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. तो स्वतः पडेल चेहऱ्याने मागे उभा होता. तेजस्वी बोलायला चटपटीत पोरगी. तिने आधी हॉल बघायला मागितला. तुळशी तिला घेऊन गेली. पडद्यांच्या मधल्या गल्लीतून ती सावकाश चालत गेली, एका पडद्यावरून हात फिरवला, शिवण बघितली. किसनबाबांनी तिला आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "पोरी, आमच्यामुळे तुझ्या लग्नाची गैरसोय झाली."

"नाय हो, बाबा," तेजस्वी म्हणाली. मग बाहेर येऊन तिने हॉलमागच्या मैदानाकडे बोट दाखवलं. "आई, त्या हॉलात माझ्या मैत्रिनी तरी मावल्या असत्या का? हितं मांडव घाला. किती मोकला हाय!" तिच्या आईने कपाळाला आठ्या घातल्या, पण लेक सासूच्या हाताला धरून मैदानाची लांबी-रुंदी बघायला निघालीसुद्धा. अल्पेश मागून येत होता. थोड्या वेळाने तुळशीने वळून पाहिलं तर तो डीजे कुठे ठेवायचा ते पायाने रेघ मारून दाखवत होता.

चिंतामणीदादा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी ते भर उन्हात मैदानात उभे दिसले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. खड्डे बुजवायला त्यांनी मुलाचा जेसीबी आणला होता आणि ड्रायव्हरवर ओरडत होते. तुळशीने त्यांना पाणी नेऊन दिलं.

"गावची इज्जत हाय," ते पाणी पिऊन म्हणाले. "मैदानात करायचा तर नीट करायचा."

हळदीच्या दिवशी स्वयंपाक हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात होता. मोठ्या चुली तिथेच. गंगूने कामावर सुट्टी टाकली होती. हॉलमधल्या सगळ्या बायका आंघोळी करून, आहेत त्यातल्या बऱ्या साड्या नेसून मदतीला उभ्या होत्या, पण दाराबाहेर. आत गावातल्या बायका भाकऱ्या थापत होत्या. तुळशीने बाहेर बघितलं, आत बघितलं. न बोललेलं जे काही होतं, ते आतल्या आणि बाहेरच्या बायकांच्या मधे त्या उंबऱ्यात होतं. इतके दिवस भाकऱ्या या हातांनी थापल्या आणि त्या हातांनी खाल्ल्या. उलटं कधी झालं नव्हतं.

"गंगू, ये. परातीवर बस माझ्या बाजूला," तुळशी म्हणाली.

गंगू आत आली. पिठाला हात लावायच्या आधी तिने तुळशीकडे पाहिलं. तुळशीने मान हलवली. गंगूने उकडीचा गोळा घेतला आणि थापायला लागली. स्वयंपाकघरातला गलका कमी झाला. दोघी-तिघी बायका पाणी आणायचं निमित्त काढून उठल्या आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. गंगूच्या हाताखाली भाकरी गोल होत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात गोदूबाय आली. गोदूबाय म्हणजे गावची धवलारीण. तिने धवला गायल्याशिवाय जांभूळमध्ये कोणाला हळद लागत नाही. सत्तरी उलटलेली, पाठीला बाक, आवाज मात्र खणखणीत. तिने दारातूनच सगळं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, चालत गंगूपाशी आली आणि म्हणाली, "जरा सरक गो, बाय. मना पन जागा दे."

गंगू सरकली. गोदूबाय तिच्या मांडीला मांडी लावून बसली, तिच्या परातीतला गोळा उचलला आणि थापायला लागली. थापता थापता तिने धवला सुरू केला. भिंतीशी उभ्या असलेल्या बायका हळूहळू परतल्या. धवल्याला साथ द्यायची तर लांब उभं राहून चालत नाही. बाहेरच्या बायकाही आत आल्या. पाठ नसलेले शब्द त्या ओठांनी जुळवत होत्या. एक गाणं संपल्यावर गोदूबायने गंगूला कोपराने ढोसलं. "तुमच्यात काय गातात हलदीला? गा की." गंगू लाजली, नको नको म्हणाली, आणि मग तिने गायलं. तिचा गळा इतका गोड आहे हे तिच्या सासऱ्यांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर मांडवात बसलेल्या किसनबाबांनी डोळे मिटून घेतले.

लग्न मैदानात झालं. वारा सुटला आणि मांडवाचा एक कोपरा उडाला. दादांनी धावत जाऊन दोरी धरली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत धरूनच ठेवली. डीजे हवा तेवढा मोठा वाजला. हॉलमधली पोरं नवरदेवाच्या पुढे नाचून नाचून घामाघूम झाली. तेजस्वीच्या आईने जेवताना भाकरीची चौकशी केली, कोणी केली म्हणून. तुळशीने गंगूकडे बोट दाखवलं. तिने आणखी एक मागून घेतली.

त्यानंतर एकेक घर हलायला लागलं. कोणाला अंबरनाथला खोली मिळाली, कोणाला वांगणीला. तान्ह्या पोराच्या बापाला नवीन नोकरी लागली आणि तो बायकोला घेऊन कल्याणला गेला. जाताना प्रत्येक घर आपला पडदा काढून, धुऊन, घडी घालून सोबत न्यायचं. गंगूने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की नवीन खोलीत गेल्या गेल्या खिडकीला लावायला काहीतरी पाहिजे. पावसाळ्यानंतर हॉल मोकळा झाला. गावकीच्या बैठकीत दादांनी आपण होऊन विषय काढला की हॉलला एकच बाथरूम आहे ते बरं नाही, अजून दोन बांधायला हवीत. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. बैठकीत तुळशीही होती. हात वर करून बांधा म्हणाली.

गंगूला खोली मिळाली बदलापूरला, स्टेशनपासून चालत जाण्याइतकी. सामान लागल्यावर तिने पहिला फोन तुळशीला केला. "रविवारी जेवायलाच या, ताई. कारण सांगू नका."

तुळशी गेली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, छोटीशी, पण मोरी आत आणि दाराला कडी. किसनबाबा नव्या इस्त्रीच्या शर्टात दारातच उभे होते. घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर तुळशीला बसवलं. तुळशी उठून ओट्यापाशी जायला निघाली तर गंगूने तिला दंडाला धरून परत बसवलं.

"आज नाही. आज तुम्ही पाहुण्या."

अळूची भाजी होती, ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा, आणि गोड म्हणून खीर. गंगू गरम गरम वाढत होती. तुळशी नको म्हणायची आणि गंगू ऐकायची नाही. जेवण झाल्यावर तुळशीने ताट उचललं तर तेही हातातून काढून घेतलं. मग काय करावं ते तुळशीला कळेना. दुपारच्या वेळी रिकाम्या हाताने बसायची तिला सवयच नव्हती. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता, पंखा फिरत होता, किसनबाबा हळू आवाजात पेपर वाचत होते. बसल्या बसल्या तिचे डोळे जड झाले.

जाग आली तेव्हा ती खाली चटईवर होती; गंगूने खुर्चीवरून उठवून तिथे निजवलं तेवढं अर्धवट आठवत होतं. डोक्याखाली उशी, अंगावर पातळ चादर, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून कधीच निघून गेलेलं. सून म्हणून आल्यापासून ती दिवसाढवळ्या कधी झोपली नव्हती, आणि दुसऱ्याच्या घरात तर नाहीच. ओशाळून उठायला गेली. गंगू शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

"झोपा अजून. कोणी घाई केली आहे?"

फोन वाजला. हरिचंद्र होता, कधी येतेस म्हणून विचारत होता.

तुळशीने गंगूकडे बघितलं, निवडलेल्या तांदळाकडे बघितलं आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं.

"माझी वाट बघू नका," ती फोनमध्ये म्हणाली. "मी हितंच जेवून येतंय."